बारीक ॲरागोनाइट वाळू: खोल थरासाठी कोणती पिशवी घ्यावी

रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, वाळू घेताना बहुतेक जण आधी रंग बघतात. पांढरीशुभ्र हवी, थोडी गुलाबी छटा असली तर उत्तम, कोरलला उठाव आला पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटरचा शोभेचा थर घालायचा असेल तर खुशाल रंग बघून घ्या. पण दहा-बारा सेंटिमीटरचा खोल थर करायचा असेल आणि टाकीतलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठत जाणारं नायट्रोजनचं संयुग) त्या थराने खाली आणावं अशी इच्छा असेल, तर पिशवीवरची एकच ओळ वाचायची: दाण्याचा आकार. मी जिच्याबद्दल लिहितेय ती कोरडी, ऊलाइट प्रकारची ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचं एक खनिज) वाळू आहे. दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पिशवीवर ‘शुगर साइझ’ असं छापलेलं. अशी वाळू बरेच जण भरून विकतात, त्यामुळे ब्रँडपेक्षा दाणा ओळखता येणं जास्त उपयोगाचं. माझ्या टाक्यांमध्ये आता हीच असते आणि मी ती मनापासून सुचवते. मात्र तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे पिशवीवरच्या मजकुरावरून अजिबात कळत नाही.

ऊलाइट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण या वाळूचं वागणं त्यातूनच येतं. बहामासारख्या उबदार, उथळ समुद्रात एखाद्या बारीक कणाभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे थर गोल गोल चढत जातात. लाटांनी कण लोळत राहतो, म्हणून दाणा सगळीकडून गोलसर आणि गुळगुळीत होतो. चिमटीत घेऊन चोळलात तर बोचत नाही. शिंपले कुटून केलेली वाळू चोळा, कडा लगेच लागतात. वाळूत बीळ करून राहणाऱ्या मऊ अंगाच्या किड्यांसाठी हा फरक फार मोठा आहे, आणि खोल थर चालतो तो त्यांच्याच जोरावर.

वाळू खरंच ॲरागोनाइटसारख्या कार्बोनेटची आहे का, की सिलिकाची, हे घरी तपासता येतं. चिमूटभर वाळू पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. लगेच बुडबुडे सुटले पाहिजेत, आणि पुरेसं व्हिनेगर घालून ठेवलंत तर हळूहळू सगळी वाळू विरघळली पाहिजे. तळाशी चकचकीत दाणे उरले तर सिलिकाची भेसळ आहे असं समजा. सिलिकाची वाळू विषारी वगैरे नसते, तिच्यावरही खोल थर उभा राहतो. पण ॲरागोनाइटचे पैसे देऊन क्वार्ट्झ का घ्यायचं? दुसरी तपासणी लोहचुंबकाची. कागदावर वाळू पसरून चुंबक फिरवायचा. काळे कण चिकटले तर ती पिशवी टाकीत जाऊ द्यायची नाही. मी घेतलेल्या शुगर साइझ पिशव्या या दोन्ही तपासण्यांत उतरल्या आहेत.

आता त्रासाची बाजू. ही वाळू धुळीने भरलेली असते. पिशवी बादलीत ओतली की पाणी दुधासारखं होतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण नितळ होत नाही. नितळ करण्याच्या मागे लागूही नये. अगदी बारीक कण खोल थराला हवेच असतात, ते सगळे धुऊन काढले तर ज्यासाठी ही वाळू घेतली तेच निघून जातं. मी एक-दोनदा ढवळून वरचं गढूळ पाणी ओतून देते आणि थांबते. टाकीत घालताना रुंद पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरायचा आणि वाळू त्यातून सोडायची, म्हणजे ती वरून पसरत नाही. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) फिल्टर फ्लॉस, म्हणजे गाळणीचा कापूस, ठेवून तो वारंवार बदलला की काही दिवसांत पाणी निवळतं. कोरल आधीपासून टाकीत असतील तर मात्र एका दमात सगळी वाळू ओतू नका. धूळ पॉलिपवर (कोरलच्या मऊ, जिवंत भागांवर) बसते आणि कोरल चिकट स्राव सोडत बसतात. थोडी थोडी घाला, मध्ये दिवस जाऊ द्या.

किती वाळू लागेल, हे बहुतेकांचं चुकतं, आणि नेहमी कमीच धरलं जातं. टाकीचा तळ ९० बाय ४५ सेंटिमीटर आणि थर १२ सेंटिमीटर धरला तर वाळू सुमारे साडेअठ्ठेचाळीस लिटर होते. कोरडी ॲरागोनाइट वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे ७० किलोच्या वर. स्टँड तेवढं पेलणारं आहे ना, हे आधी बघा. शिवाय ही वाळू साधारण २५ लिटर पाण्याची जागा घेते. ॲल्कलिनिटीचा (पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्याचा) डोस काचेच्या मापावरून काढत असाल तर तेवढं पाणी वजा करायला विसरू नका.

दगड आधी, वाळू नंतर. हे मी प्रत्येकाला सांगते. लाइव्ह रॉक (जिवाणू आणि छोटे जीव वसलेला दगड) थेट तळावर किंवा पीव्हीसीच्या पायांवर उभा करायचा आणि मग त्याच्याभोवती वाळू भरायची. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली पिस्तूल कोळंबीने बीळ खणलं की अख्खी रचना काचेवर कलू शकते. पायांवर उभ्या केलेल्या दगडाचा आणखी एक फायदा: त्याच्याखालची वाळूही मोकळी राहते आणि तिथेही जीव फिरतात.

एवढं सगळं करून मिळतं काय? वरच्या पातळ भागात, जिथवर प्राणवायू पोचतो तिथवर, जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्याच्या खाली प्राणवायू जवळजवळ संपतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सुटतो. तो पाण्यातून हवेत जातो, म्हणजे नायट्रेट टाकीतून खरोखर बाहेर पडतं. पाणी न बदलता. नायट्रेट तयार होताना खर्च झालेली ॲल्कलिनिटीही या टप्प्यात परत मिळते. बारीक दाणा हवा तो यासाठी. दाण्यांमधली जागा लहान असली की पाणी थरातून सावकाश झिरपतं आणि थोड्याच खोलीवर प्राणवायू कमी होतो. जाड दाण्यातून पाणी सहज फिरतं, प्राणवायू खोलवर जातो, आणि फटींमध्ये घाण मात्र साचत राहते. कोरल रेतीच्या जाड खड्यांवर खोल थर करून ‘आमचं नायट्रेट उतरतच नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी वाळूचा फोटो मागते.

या पद्धतीचा इतिहासही थोडा माहीत असलेला बरा. मोनॅकोशी जोडलेले शास्त्रज्ञ ज्याँ जोबेर यांनी तळाशी मोकळी जागा, म्हणजे प्लेनम, ठेवून त्यावर जाड वाळू घालण्याची पद्धत रूढ केली. पुढे प्राणिशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी प्लेनम न ठेवता, अगदी बारीक दाण्याचा आणि जिवांनी भरलेला थर करावा असा आग्रह धरला. २००५ मध्ये संशोधक रॉबर्ट टूनेन आणि ख्रिस्तोफर वी यांनी अशा रचनांची प्रयोगातून तुलना केली, तेव्हा प्लेनम असण्या-नसण्याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून जाळी आणि पाइपांचा तळ असलेला प्लेनम किट कुणी वाळूसोबत गळ्यात मारत असेल तर ते पैसे वाचवा.

वाचलेले पैसे जिवंत वाळूच्या सीलबंद पिशवीवरही घालवू नका. माझी खरी तक्रार इथे आहे. ओल्या पिशवीवर ‘लाइव्ह’ असं ठळक लिहिलेलं असतं, घेणारा समजतो की आत किडे, कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव), गोगलगायी असतील. महिनोन्‌महिने बंद प्लॅस्टिकमध्ये, प्रवाह नाही, हवा नाही, अशा ठिकाणी यांतलं काहीच जगत नाही. आत जिवाणू असतात, आणि ते तुमच्या लाइव्ह रॉकवर तसेही असतात. मी अशी पिशवी एकदा भिंगाखाली पसरून पाहिली. हलणारं काही दिसलं नाही, वास मात्र आला. त्यापेक्षा जुन्या, निरोगी टाकीतून कपभर वाळू मागून आणा. दोन वेगवेगळ्या टाक्यांमधली मिळाली तर फारच छान, कारण प्रत्येक टाकीत टिकलेले जीव वेगळे असतात.

त्या कपभर वाळूत काय असतं ते बघायला रात्री लाल टॉर्च घेऊन काचेजवळ बसा. ब्रिसल वर्म दगडाच्या कडेने अर्धं अंग बाहेर काढतात. स्पॅगेटी वर्म स्वतः बिळात राहतो आणि दोऱ्यासारखे लांब तंतू वाळूवर सोडतो. तंतूला अन्नाचा कण चिकटला की तो कण त्याच तंतूवरून सरकत सरकत तोंडाकडे येतो. नखाएवढे ब्रिटल स्टार वाळूतून फक्त हात बाहेर काढून हलवत असतात. कोळंबीच्या जातकुळीतले बारीक ॲम्फिपॉड उड्या मारत एका खड्ड्यातून दुसऱ्यात जातात. काचेला लागून बारीक नळ्या दिसतात, वर उघड्या आणि खाली वळणं घेत गेलेल्या. या नळ्यांमधूनच थरात पाणी आत-बाहेर होतं. वाळू मोकळी ठेवण्याचं काम हे सगळे जीव करतात, आणि आपण काठी घालून ढवळलं तर ते बिघडतं. नळ्या मोडतात, खालचा प्राणवायूविना असलेला भाग वर येतो, साठलेला गाळ पाण्यात मिसळतो. सायफनने वाळू साफ करायची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण खोल थराला सायफन लावायचाच नाही. पृष्ठभागावर गाळ दिसत असेल तर पॉवरहेडची (प्रवाह देणाऱ्या छोट्या पंपाची) दिशा बदला.

नासारियस गोगलगायी मी नेहमी ठेवते. दिवसभर वाळूत गाडून असतात, फक्त सोंडेसारखी नळी वर. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की काही क्षणांत वाळू ठिकठिकाणी फुगते आणि त्या वर येतात. वरचा भाग हलता ठेवायला याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. सेरिथ गोगलगायी शेवाळ आणि गाळ खातात, त्याही हव्यात. मोठ्या टाकीत एखादा फायटिंग काँक छान वावरतो.

पण वाळू चाळणारा तारामासा नको. दुकानात ‘वाळू स्वच्छ ठेवतो’ म्हणून देतात तो ॲस्ट्रोपेक्टेन आपल्या किड्यांना आणि छोट्या शिंपल्यांनाच खातो. काही महिन्यांत वाळू ओसाड होते आणि मग तो स्वतः उपाशी मरतो, बहुतेकदा वाळूच्या आतच. डायमंड गोबीचंही तसंच: तोंड भरभरून वाळू घ्यायची, त्यातले जीव खायचे आणि वाळू कल्ल्यांतून सोडायची. दिसतं सुंदर, उथळ थरात चालतंही. खोल थरात तो ठेवला तर आपण आणलेल्या कपभर वाळूचं काहीच उरत नाही.

या वाळूला काचेतून बघताना घाबरून जाऊ नका. काचेलगत हिरवे, तांबडे, जांभळट पट्टे येतात. तिथे उजेड पोचतो म्हणून शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया वाढतात, थराच्या आत तसं काही नसतं. बाहेरून वाळूच्या उंचीपर्यंत काळी पट्टी चिकटवली की पट्टे कमी होतात, आणि हवं तेव्हा पट्टी उचलून आत बघता येतं. बुडबुड्यांचंही तसंच. ‘नायट्रोजन सुटतोय’ म्हणून लोक आनंदाने दाखवतात, पण उजेड पडणाऱ्या काचेलगतचे बुडबुडे बऱ्याचदा शेवाळाने सोडलेल्या ऑक्सिजनचे असतात. नायट्रेट उतरतंय का, हे टेस्ट किटच सांगेल. खाली कुठेकुठे काळे डाग दिसतील. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, नायट्रेटही संपलेल्या खोलीवर जिवाणू ते वापरतात, हायड्रोजन सल्फाइड बनतं आणि लोहाशी मिळून काळं पडतं. थर न हलवता राहिला तर हा वायू वर येता येताच प्राणवायूच्या भागात संपून जातो. डाग पृष्ठभागापर्यंत चढत असतील, किंवा टाकीवर वाकल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर मात्र वरचे जीव कमी झालेत किंवा खाणं फार पडतंय.

बारीक दाण्याची एक अडचण कायम राहते: वाळू उडते. वेव्हमेकर (लाटांसारखा प्रवाह देणारा पंप) खाली वळला की एका कोपऱ्यात काच उघडी पडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात ढिगारा होतो. पाण्याचा जोर फार लागणाऱ्या कोरलची टाकी असेल तर मुख्य टाकीत ही वाळू ठेवणं कठीण जातं. तिथे मी थर सम्पमधल्या वेगळ्या कप्प्यात किंवा जोडलेल्या बादलीत करते. वरून पाणी वेगाने वाहतं ठेवायचं म्हणजे गाळ बसत नाही. या थराला उजेडाची गरज नसते.

दुसरी अडचण गोळे होण्याची. कॅल्शियम आणि ॲल्कलिनिटी दोन्ही चढी, मॅग्नेशियम कमी, किंवा चुन्याचं पाणी एका जागी भसकन पडलं, की दाण्यांवर कार्बोनेट बसतं आणि वाळू ढेकळासारखी घट्ट होते. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास ठेवलं आणि डोस जोरदार प्रवाहात सोडला तर हे टळतं. झालेलं ढेकूळ फोडत बसू नका, वरचं असेल तर अलगद उचलून काढा.

पिशवीवरच्या एका दाव्याशी मी सहमत नाही. ‘पीएच आपोआप ८.२ राखते’ असं छापलेलं असतं. टाकीच्या नेहमीच्या पीएचला ॲरागोनाइट फारसं विरघळतच नाही. थराच्या आत, जिथे जिवाणूंमुळे पीएच बराच खाली असतो, तिथे थोडं विरघळतं आणि थोडं कॅल्शियम, थोडी ॲल्कलिनिटी मिळते. कठीण सांगाड्याचे कोरल वाढत असतील तर त्यांची भूक त्याने भागत नाही, डोसिंग करावंच लागतं.

आणि फॉस्फेट. नायट्रोजनला वायू होऊन निघून जायची वाट आहे, फॉस्फरसला नाही. ॲरागोनाइट फॉस्फेट पृष्ठभागावर धरून ठेवतं, म्हणून सुरुवातीला टेस्ट छान येते आणि आपण निर्धास्त होतो. पुढे धरायची जागा भरत जाते. ‘खोल थर म्हणजे टाइमबॉम्ब’ असं जे म्हटलं जातं त्याचं मूळ बरंचसं यात आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चांगला ठेवा, रिफ्यूजियममध्ये (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यात) कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून नियमित काढत जा, गरज पडली तर लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर वापरा. वर्षातून एकदा तरी दुसऱ्या टाकीतली कपभर वाळू पुन्हा आणून मिसळा. बंद टाकीत काही जाती हळूहळू नाहीशा होतात, आणि त्या गेल्या की त्यांचं काम कुणीच करत नाही.

वीज जाण्याची तयारी ठेवणं यासोबत आलंच. एवढ्या थरातले जिवाणू आणि किडे सतत प्राणवायू वापरत असतात. पंप बंद पडला की साध्या टाकीपेक्षा इथे प्राणवायू लवकर उतरतो आणि मासे वर तोंड काढायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप वाळूच्या पिशवीसोबतच घेऊन ठेवा.

टाकी हलवायची वेळ आली तर जुना थर तसाच उचलून नव्या टाकीत ओतायचा नाही. याने टाक्याच्या टाक्या गेलेल्या पाहिल्या आहेत. आधी मासे आणि कोरल दुसऱ्या पाण्यात हलवा, वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू हलक्या हाताने काढून जपून ठेवा, ती तुमची बीजवाळू. खालची टाकून द्या, किंवा धुऊन वाळवून कोरडी म्हणून वापरा. नव्या टाकीत ताजी कोरडी वाळू आधी, बीजवाळू तिच्यावर. सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया तपासत राहा आणि नायट्रेट उतरायला काही महिने द्या. तोवर पाणी बदलणं चालू ठेवावं लागतं.

तुमच्याकडे जाड दाण्याची पिशवी आधीच येऊन पडली असेल तर ती खोल थरात मिसळू नका. दोन सेंटिमीटरचा उथळ थर करा, तो सायफनने नियमित साफ करा, आणि बारीक वाळूचा खोल थर बाजूच्या कप्प्यात करा.